मोकळ्या आकाशाखालील खोली : बेलापूर येथील गृहवसाहतीचा अभ्यास आणि वाशीमसारख्या शहरांसाठी बोध

प्रस्तावना :
अन्न, वस्त्र व निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा होत. त्यांपैकी निवारा ही केवळ चार भिंती व छपराची बाब नसून तीत हवामान, कुटुंबरचना आणि शेजार यांचाही विचार अंतर्भूत असतो. १ जुलै १९९८ रोजी वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला. अशा जिल्ह्याच्या ठिकाणी शेतजमिनी अकृषक होऊन नवनवीन ले-आउट पडतात व घरे उभी राहतात. परंतु वास्तुशास्त्रज्ञाने विचारपूर्वक आखलेली वसाहत कशी असते, याचा विचार क्वचितच होतो. त्या दृष्टीने नवी मुंबईतील बेलापूर येथील गृहवसाहतीचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
मुंबईवरील वाढता भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना १९६०च्या दशकाच्या मध्यास चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल व प्रवीणा मेहता यांनी मांडली. १९७० मध्ये ‘सिडको’ची स्थापना झाली. पुढे १९८३ ते १९८६ या काळात पारसिक डोंगराच्या पायथ्याशी, शहराच्या वर्दळीपासून बाजूला, सुमारे ६ हेक्टर जागेवर कोरिया यांच्या आराखड्यानुसार ही वसाहत उभी राहिली. आज ती ‘आर्टिस्ट व्हिलेज’ या नावाने ओळखली जाते.

रचनेची वैशिष्ट्ये :
१) अंगणांची श्रेणी : सात घरांचा एक पुंजका सुमारे ८ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती रचलेला आहे. असे तीन पुंजके मिळून २१ घरे होतात व त्यांच्यामध्ये सुमारे १२ मीटरचे मोठे अंगण येते. असे तीन गट पुन्हा सुमारे २० मीटरच्या चौकाभोवती एकत्र येतात. अशा रीतीने घराच्या उंबऱ्यापासून संपूर्ण वसाहतीपर्यंत खासगी व सार्वजनिक जागा टप्प्याटप्प्याने जोडल्या जातात.

२) स्वतंत्र भिंती : प्रत्येक घर स्वतःच्या भूखंडावर स्वतंत्रपणे उभे असून शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. त्यामुळे ऐपतीनुसार शेजाऱ्याला अडथळा न आणता घर वाढविता येते. स्थानिक गवंडी व सुतार यांना सहज जमेल, इतके बांधकाम साधे ठेवण्यात आले.

३) समता : घरांच्या किमती २० हजारांपासून सुमारे १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत होत्या. म्हणजे किमतींत नऊपट अंतर होते. भूखंड मात्र ४५ ते ७५ चौरस मीटर, म्हणजे दुपटीहूनही कमी अंतराचे होते. घर लहानमोठे असले, तरी जमिनीवरील हक्कात फार तफावत असू नये, हा विचार यामागे दिसून येतो.

४) उघडी जागा हीच खोली : उष्ण हवामानात सकाळ-संध्याकाळचा बराच वेळ माणूस उघड्यावर घालवितो. म्हणून अंगण हे कमी खर्चात मिळणारे, पण पूर्ण उपयोगाचे दालनच होय, असे कोरिया यांचे प्रतिपादन होते.

कालांतराने झालेले बदल :
पुढील काळात कुटुंबे वाढली, उत्पन्न वाढले आणि जमिनीच्या किमतीही वाढल्या. मूळची अनेक उतरत्या छपरांची घरे पाडून त्या जागी दोन-तीन मजली काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या. काही अंगणांतील उजेड व वारा त्यामुळे कमी झाला. यास योजनेचे अपयश म्हणावे काय ? घर बदलता यावे, हेच मूळ सूत्र होते. त्यामुळे बदल घडणे हे योजनेच्या यशाचेच लक्षण ठरते. मात्र एकाची वाढ दुसऱ्याच्या उजेडावर येऊ नये, यासाठी आवश्यक असलेली मर्यादा कालांतराने टिकली नाही, ही तिची खरी उणीव होय. घरे बदलली तरी सामाईक चौकांची मूळ आखणी आजही ओळखता येते, हे विशेष उल्लेखनीय आहे.

वाशीमच्या संदर्भात बोध :
वऱ्हाडातील जुन्या वाड्यांत ओसरी, माजघर, मधले अंगण आणि परस अशी रचना असे. जाड मातीच्या भिंती व धाबे यांमुळे दुपारचे ऊन सुसह्य होई. आजच्या सिमेंटच्या घरात तापलेल्या स्लॅबची उष्णता रात्रीही जाणवते व विजेवरील खर्च वाढतो. मोठ्या ले-आउटमध्ये सुमारे १० टक्के जागा खुली ठेवण्याचा नियम आहे. परंतु अनेकदा ही जागा एखाद्या कोपऱ्यात पडून राहते. हीच जागा लहान अंगणांच्या रूपाने घरांच्या मध्ये आखली, तर मुलांना खेळावयास, वृद्धांना बसावयास व झाडांना वाढावयास स्थान मिळेल.

निष्कर्ष :
बेलापूरची हुबेहूब नक्कल वाशीमला उपयोगाची नाही. कारण तेथील पर्जन्यमान व हवामान भिन्न आहे. तथापि आधी मोकळी जागा आखावी व मग तिच्याभोवती घरे मांडावीत, हा क्रम मात्र निश्चितच अनुकरणीय आहे. घर मालकाचे असते, परंतु अंगणातील वारा सर्वांचा असतो. गृहनिर्माण संस्था स्थापन करताना प्राध्यापक व कर्मचारीवर्गाने हा विचार आरंभीच, म्हणजे नकाशा मंजुरीपूर्वी केल्यास पुढील पिढीस त्याचा लाभ होईल.