न आलेल्या पुराचा खर्च

१९१० च्या जानेवारीत सेन नदीला महापूर आला, तेव्हा पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ पुलाजवळ पाण्याची पातळी ८.६२ मीटरवर गेली होती. आल्मा पुलाखाली झुआव्ह सैनिकाचा एक दगडी पुतळा आहे. पाणी त्याच्या खांद्यांपर्यंत पोचलं होतं. तोच पूर आजच्या पॅरिसमध्ये आला तर काय होईल, याचा अंदाज ओईसीडी या संस्थेने २०१४ साली मांडला. ५० लाख लोकांना झळ, ३ ते ३० अब्ज युरोंचं थेट नुकसान आणि वाईटात वाईट परिस्थितीत ४ लाख रोजगारांवर गदा. युरो ढोबळमानाने शंभर रुपयांचा धरला, तर ३० अब्ज युरो म्हणजे ३ लाख कोटी रुपये होतात.

हा पूर ७ ते १८ मार्च २०१६ या काळात पॅरिसमध्ये ‘आणला’ गेला. नदी आपल्या जागी शांत होती. चढत्या पाण्याचे आकडे कागदावर येत होते आणि त्यानुसार माणसं खरोखर धावत होती. ‘ईयू सेकाना’ नावाच्या या सरावात ८७ संस्था आणि कंपन्या उतरल्या होत्या. लूव्र संग्रहालयही त्यात होतं. इटली, स्पेन, बेल्जियम आणि झेक प्रजासत्ताकातून बचावपथकं आली होती. नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचं, तर ही रंगीत तालीम होती आणि तिला युरोपीय संघाचा पैसा लागला होता.

अशा पूर्ण आकाराच्या बहुराष्ट्रीय सरावाचा खर्च दशलक्ष युरोंच्या मापात मोजला जातो. सोयीसाठी एका सरावाला दहा लाख युरो, म्हणजे दहा कोटी रुपये धरू. ऐकायला ही रक्कम मोठी वाटते. खोटे जखमी, खोटा ढिगारा, खोटं पाणी आणि खर्च मात्र खरा, असं म्हणणारे सगळ्याच देशांत भेटतात. मग तीच रक्कम पॅरिसच्या ३० अब्जांशेजारी ठेवून पाहावी. एका महापुराच्या कमाल नुकसानीच्या पैशात असे ३०,००० सराव होतील. रोज एक, रविवारीही सुट्टी न घेता, तर ८२ वर्षं चालतील.

हा पैसा जातो कुठे? माणसं आणि अवजड सामान सीमेपलीकडे नेण्यात, त्यांना दिवसरात्र राबवण्यात, आणि कुठे अडलं याची नोंद ठेवणाऱ्या निरीक्षकांवर. युरोपच्या नियमांनुसार मोठ्या क्षमतेच्या पंपपथकाने तासाला किमान १,००० घनमीटर पाणी उपसलं पाहिजे. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हे तासाला १०० टँकर झाले. शहरी ढिगाऱ्यात शोध घेणाऱ्या अवजड पथकाने दहा दिवस, चोवीस तास, एकाहून अधिक ठिकाणी काम करायचं असतं आणि तेही स्वतःचं अन्न, पाणी, तंबू, वीज सोबत आणून. ज्याचं घर पडलंय त्याच्याकडे भाकरी मागायची नाही, इतकी साधी माणुसकी या नियमामागे आहे.

आणि नळ्या. जर्मन अग्निशामक दलाच्या नळीचं तोंड एका पद्धतीचं, फ्रेंचांचं दुसऱ्या, ब्रिटिशांचं तिसऱ्या, इटालियनांचं आणखी वेगळ्या. जोडणारा तुकडा सोबत नसेल, तर दोन उत्तम पथकं एकाच आगीसमोर एकमेकांच्या निरुपयोगी नळ्या धरून उभी राहतील. युरोपच्या नागरी संरक्षण यंत्रणेत संघाचे २७ आणि बाहेरचे १० असे ३७ देश आहेत. त्यांतले कुठलेही दोन एकाच ढिगाऱ्यावर भेटू शकतात; अशा जोड्या होतात ६६६. टेबलाभोवती बसून केलेल्या चर्चेत ही नळी कुणाच्या हातात येत नाही. म्हणूनच महागडा, प्रत्यक्ष सराव लागतो, असं माझं ठाम मत आहे.

पॅरिसच्या आठवडाभर आधी लंडनमध्येही असाच सराव झाला. वॉटरलू भुयारी स्थानकावर इमारत कोसळल्याची कल्पना करून, डार्टफर्डजवळच्या बंद पडलेल्या लिटलब्रुक वीजकेंद्रात भुयारी रेल्वेचे खरे डबे हजारो टन ढिगाऱ्याखाली गाडले गेले. चार दिवस, सुमारे ७० संस्था, चार हजारांहून अधिक माणसं. हाही पैसा मुख्यतः युरोपीय संघाचाच. त्याच जूनमध्ये ब्रिटनने संघ सोडण्याचा कौल दिला आणि आज तो देश या यंत्रणेत नाही.

सेननेही जूनपर्यंतच वाट पाहिली. ३ जून २०१६ च्या रात्री पॅरिसमध्ये पाणी ६.१० मीटरवर होतं. लूव्रने दारं बंद करून तळघरातल्या हजारो कलाकृती वरच्या मजल्यांवर हलवल्या. सरावाने पाणी बोटभरही कमी झालं नव्हतं आणि फ्रान्समध्ये विम्याचे दावे अब्ज युरोंच्या आसपास गेलेच. पण ज्यांनी एकमेकांना फोन करायचे होते, ते तीन महिन्यांपूर्वी हेच करून बसले होते.

या साऱ्यामागची मोठी थैली तरी किती मोठी? २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी संपूर्ण यंत्रणेला मिळून सुमारे ३.३ अब्ज युरो. यात विमानं, साठे, वाहतूक, प्रशिक्षण सगळं आलं. सराव हा त्यातला छोटासा तुकडा. युरोपीय संघाच्या ४५ कोटी लोकांत वाटलं, तर माणशी वर्षाला साधारण एक युरो पडतो. मदतीची हाक मात्र २०१९ मध्ये विसेक वेळा आली होती, ती २०२१ मध्ये शंभराहून अधिक वेळा आली. त्याच २०२१ च्या जुलैत जर्मनीच्या आर नदीच्या खोऱ्यात आणि आसपास पूर आला, १८० हून अधिक माणसं गेली आणि पुनर्बांधणीसाठी सरकारला ३० अब्ज युरोंपर्यंतचा निधी उभारावा लागला. सात वर्षांच्या सगळ्या थैलीच्या नऊपट, एका देशातल्या एका पुरासाठी.

पैसा तालमीला मिळतो, तालमीनंतरच्या कामाला मिळत नाही, हे दुखणं मला जास्त गंभीर वाटतं. अमेरिकेत जुलै २००४ मध्ये ‘पॅम’ नावाचं काल्पनिक चक्रीवादळ न्यू ऑर्लीन्सवर आणून शेकडो अधिकाऱ्यांनी आठवडाभर डोकं लावलं. त्यासाठीचं कंत्राट सुमारे ८ लाख डॉलरचं होतं. पुढच्या टप्प्याचा निधी वेळेवर आला नाही, बैठका लांबल्या. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना आलं आणि १२५ अब्ज डॉलरचं नुकसान झालं: त्या कंत्राटाच्या दीड लाख पटींहून जास्त.

२०२८ पासूनच्या सात वर्षांसाठी युरोपीय आयोगाने नागरी संरक्षण आणि आरोग्यसज्जता मिळून १०.७ अब्ज युरोंचा प्रस्ताव मांडला आहे. त्यात प्रत्येक मोठ्या सरावासोबत त्यानंतरच्या एका वर्षाचा खर्चही बांधलेला असावा. निरीक्षकांच्या वहीतली प्रत्येक त्रुटी कुणी, कधीपर्यंत दुरुस्त करायची हे ठरवायलाही माणसं लागतात आणि त्या माणसांना पगार लागतो.