डोळ्यातले पाणी जाते कोठे?

रडू आले की नाक का वाहते? डोळ्यात औषध टाकले की घसा कडू का होतो? डोळा आणि नाक यांच्यामध्ये एक वाट आहे, म्हणून.

डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला पाणी पाझरणारी ग्रंथी असते. त्या पाण्याने डोळा ओला राहतो. उरलेले पाणी नाकाकडच्या कोपऱ्यात येते. तेथे दोन्ही पापण्यांना सुईच्या टोकाएवढे एकेक छिद्र आहे. खालची पापणी जरा ओढून आरशात पाहा, दिसेल. त्यातून पाणी एका लहान पिशवीत येते आणि पिशवीतून नळीने नाकात उतरते.

आपल्या मौद्यात पावसाळ्यात नाली तुंबली की पाणी अंगणात शिरते. तशीच ही नळी बुजली की पाणी गालावर ओघळते. पिशवीत साचते, त्याचा पू होतो. चाळिशीनंतर बायांना हे दुखणे अधिक होते. लोक चुलीच्या धुराला बोल लावतात आणि सोडून देतात.

आमच्या मोठ्या वहिनी चार वर्षे पदराने डोळा पुसत होत्या. मोतीबिंदू काढायला त्यांना नागपूरला नेले. डॉक्टरांनी आधी त्या छिद्रातून पिचकारीने पाणी सोडून पाहिले. ते घशात उतरलेच नाही, पुवासकट उलटे आले. डॉक्टर म्हणाले, "आधी हे बरे करू. हा पू मोतीबिंदूच्या जखमेत गेला तर डोळाच जाईल." खेप फुकट गेली म्हणून आम्हाला रागच आला होता, खोटे कशाला बोला!

पिशवी आणि नाक यांच्यामध्ये पातळ हाड असते. इटलीतले डॉक्टर तोती यांनी १९०४ साली त्या हाडाला भोक पाडून पाण्याला नवी वाट दिली. पण कान टोचून काडी घातली नाही तर भोक बुजते ना? तसे हेही कधीकधी बुजे. मग १९२१ साली फ्रान्समधल्या दोघा डॉक्टरांनी युक्ती काढली. पिशवीचे आणि नाकाचे आतले ओले अस्तर कापून टाकायचे नाही. त्याचे पदर करून एकमेकांना शिवायचे. रोग्याच्याच अंगाचे अस्तर ते, नव्या वाटेला चांगले धरते. आता हे काम नाकाच्या आतूनही करतात, मग चेहऱ्यावर वण राहत नाही.

वहिनींची जागा बधिर केली होती. हाड कोरल्याचा आवाज ऐकू आला, दुखले नाही, असे त्या सांगतात. काही दिवस नाक जोराने शिंकरायचे नव्हते, तेवढे त्यांनी पाळले. तीन महिन्यांनी मोतीबिंदूही निघाला.