अमृता शेरगिलची पत्रे

अमृता शेरगिलची चित्रे बहुतेक रसिकांनी कुठे ना कुठे छापलेली पाहिलेली असतात. तिची पत्रे मात्र फार थोड्यांनी वाचली आहेत. अठ्ठाविसाव्या वर्षी संपलेल्या आयुष्यात तिने आईवडिलांना, धाकट्या बहिणीला म्हणजे इंदिरेला, पुढे पती झालेल्या मावसभावाला, मुंबईच्या कार्ल खंडालावालांना आणि इतर स्नेह्यांना भरपूर पत्रे लिहिली. लहानपणी ती रोजनिशीही लिहीत असे. इंदिरेचे चिरंजीव, चित्रकार विवान सुंदरम यांनी हे लेखन संपादित करून २०१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. त्यात पैशांची ओढाताण, प्रदर्शनांची धावपळ, वाचलेली पुस्तके, भेटलेली माणसे, पाहिलेली गावे आणि दुरून येणाऱ्या युद्धाच्या बातम्या हे सगळे एकाच ओघात येते. चित्रकलेविषयीची तिची मतेही याच रोजच्या मजकुरात, एखाद्या प्रवासाच्या किंवा वादाच्या निमित्ताने आकार घेताना दिसतात. म्हणून तिच्या कलेच्या अभ्यासात या पत्रांना पुरवणीचे नव्हे, तर पहिल्या प्रतीच्या साधनाचे स्थान द्यायला हवे.

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. वडील उमरावसिंग शेरगिल मजिठिया हे पंजाबच्या सरदार घराण्यातले. संस्कृत आणि फारसीचा त्यांचा व्यासंग होता आणि छायाचित्रणाचा छंद तर आयुष्यभराचा होता. आई मारी आंत्वानेत गोटेसमान हंगेरियन, पाश्चात्त्य संगीत शिकलेली गायिका. महाराजा रणजितसिंगांची नात बांबा हिच्याबरोबर ती लाहोरला आली होती. तिथेच तिची आणि उमरावसिंगांची ओळख झाली आणि १९१२ मध्ये विवाह झाला. हंगेरीत असताना पहिले महायुद्ध सुरू झाले आणि हे कुटुंब तिथेच अडकले. युद्ध, ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा शेवट, १९१९ मधली बेला कुनची अल्पजीवी साम्यवादी राजवट आणि त्यानंतरची टंचाई यांतून अमृताचे बालपण गेले. १९२१ मध्ये शेरगिल मंडळी भारतात परतली आणि सिमल्याच्या समर हिलवर राहू लागली. जगाच्या बातम्या घराचा पत्ता बदलतात, हे या मुलीने आठ वर्षांची होईपर्यंत अनुभवले होते.

हंगेरियन ही तिच्या आईची आणि आजोळची भाषा. इंग्रजी सिमल्यात तिच्या सरावाची झाली. पॅरिसमधल्या पाच वर्षांच्या वास्तव्यात सहविद्यार्थ्यांशी बोलण्याची आणि भांडण्याची भाषा फ्रेंच होती. भारतीय चित्रकलेवरचे लेख तिने इंग्रजीत लिहिले आणि खंडालावालांशी पत्रव्यवहारही इंग्रजीतच केला. तिचे इंग्रजी लेखन धारदार आहे. वाक्ये लांब असली तरी मत आडून सांगितलेले नसते. रविवर्म्याची चित्रे आणि बंगाल शैली या दोन्हींवर तिने कडक टीका केली. पुनरुज्जीवनाच्या नावाखाली जुन्या कलेचे बाह्य रूप तेवढे उचलले जाते, तिचा प्राण हाती लागत नाही, असा तिचा आक्षेप होता. हा निवाडा बंगाल शैलीच्या अवनींद्रनाथांच्या पिढीवर काहीसा अन्याय करणारा आहे. पण विशीतल्या चित्रकर्तीने स्वतःची वाट काढताना तो केला हे ध्यानात घेतले, तर त्याची तीव्रता समजते.

रोजनिशीतली एक नोंद तिच्या पुढच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९२५ मध्ये, बारा वर्षांची असताना, तिने एका लग्नातल्या अल्पवयीन वधूविषयी लिहिले. भोवती दागिन्यांचा आणि पाहुण्यांचा थाट आणि मधोमध एकटी पडलेली मुलगी. पुढे १९३६ मध्ये तिने ‘बालवधू’ हे चित्र रंगवले. मधल्या काळात पॅरिसचे शिक्षण झाले, पदके मिळाली, शैली पालटली. पण मुकाट बसलेल्या मुलीकडे पाहणारी नजर तीच राहिली.

पॅरिसला ती १९२९ मध्ये गेली. आधी ग्रांद शोमियेर या कलाशाळेत आणि नंतर एकोल दे बोझार या सरकारी कलाविद्यालयात ल्युसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली ती शिकली. ‘तरुण मुली’ या १९३२ च्या चित्राला पुढच्या वर्षी सलाँ प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि सलाँचे सहसदस्यत्वही. इतके यश मिळत असताना भारतात परतण्याची ओढ तिला लागली. तिच्या मोकळ्या वागण्यामुळे घराण्याच्या नावाला बोल लागेल, अशी वडिलांना काळजी होती. तिने येऊ नये, असेच त्यांना वाटत होते. सप्टेंबर १९३४ मध्ये तिने बुडापेस्टहून आईवडिलांना दिलेले उत्तर भारतीय कलेच्या इतिहासात नोंदवावे असे आहे. आधुनिक युरोपीय कलेनेच आपल्याला भारतीय शिल्प आणि चित्र समजून घ्यायला शिकवले, असे तिने त्यात लिहिले. अजिंठ्याचे एखादे भित्तिचित्र किंवा पॅरिसच्या गिमे संग्रहालयातले लहानसे शिल्प तिला सगळ्या रेनेसाँपेक्षा मोलाचे वाटत होते. अजिंठा तोवर तिने प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. त्या वर्षाच्या अखेरीस ती भारतात आली.

१९३६ च्या अखेरीस ती प्रदर्शनासाठी मुंबईत आली. ताजमहाल हॉटेलात तिच्या आणि बारदा उकील यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. याच मुक्कामात कार्ल खंडालावाला यांची ओळख झाली. पेशाने वकील असलेले हे पारशी गृहस्थ भारतीय लघुचित्रांचे मोठे जाणकार होते. बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७ मध्ये ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिले. सिमल्याच्या प्रदर्शनात काही चित्रे नाकारली गेली म्हणून मिळालेले पारितोषिक तिने पूर्वी परत केले होते. मुंबईने तिला सन्मानाने स्वीकारले.

मुंबईहून ती वेरूळ-अजिंठ्याला गेली. ही लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुढे कित्येक वर्षे अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती केल्या होत्या, त्यामुळे छापील रूपात अजिंठा जगाला ठाऊक होता. पण भिंतीसमोर उभे राहिल्यावर अमृताला जे दिसले ते छापील पानात नव्हते. वेरूळ तिला भव्य वाटले, अजिंठा सूक्ष्म आणि गूढपणे खेचून घेणारा. भारतात परतल्यापासून दुसऱ्या कुणाच्या कामातून काही शिकायला मिळाले ते इथेच, असा तिच्या पत्राचा आशय आहे. स्वतःविषयी जबर आत्मविश्वास असलेल्या कलावतीने हे लिहावे, यातच त्या भेटीचे वजन आहे.

पुढे प्रवास दक्षिणेकडे वळला. हैदराबादेत सालारजंग नवाबांनी तिची चित्रे विकत घेतली नाहीत, आणि नवाबांच्या युरोपीय चित्रसंग्रहाविषयीचा आपला प्रतिकूल अभिप्राय तिनेही लपवला नाही. मद्रास, त्रिवेंद्रम, कन्याकुमारी असे करत ती कोचीनला पोहोचली. तिथल्या मट्टनचेरी राजवाड्यातली भित्तिचित्रे हा तिच्या प्रवासातला दुसरा मोठा शोध. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेल्या आणि पुढे डचांनी दुरुस्त केलेल्या या वाड्याच्या भिंतींवर रामायणातले प्रसंग दाटीवाटीने रंगवलेले आहेत. दिवसदिवस तिथे बसून तिने त्यांची रेखाटने केली. तेव्हा या चित्रांकडे फारसे कुणाचे लक्ष नव्हते, याचे आश्चर्यही पत्रात आहे. रस्त्यावरच्या माणसांकडे ती तितक्याच बारकाईने पाहत होती. सावळ्या अंगावरचे शुभ्र वस्त्र, तांबडी माती, गर्द हिरवी झाडी या रंगांनी तिला भारून टाकले होते.

सिमल्याला परतल्यावर १९३७ मध्ये तिने ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिणी खेडूत’ ही तीन मोठी चित्रे केली. ‘ब्रह्मचारी’मध्ये पाच बटू बसलेले आहेत. धोतरांचा पांढरा एकसारखा नाही. कुठे तो निळसर, कुठे पिवळट होतो आणि त्याच्याशेजारी कातडीचा तपकिरी रंग खोल होत जातो. अजिंठ्याने तिला मांडणी दिली आणि दक्षिणेच्या उन्हाने रंग, हे प्रवासातली पत्रे आणि ही चित्रे शेजारी ठेवली की स्पष्ट होते. पॅरिसमध्ये शिकलेली आकार सोपा करण्याची रीतही या चित्रांत आहे, पण ती आता उसनी वाटत नाही.

खंडालावालांना लिहिलेली पत्रे हा या संग्रहाचा सर्वांत भरीव भाग. बसोहली आणि मुघल लघुचित्रांविषयी दोघे बरोबरीच्या नात्याने वाद घालतात. गोरखपूरजवळच्या सराया या गावी शेरगिलांची जमीन आणि साखर कारखाना होता. तिथल्या मुक्कामात या पत्रांचा तिला मोठा आधार होता. लघुचित्रांच्या अभ्यासाचा परिणाम उत्तरकाळातल्या चित्रांवर दिसतो. आकृत्या लहान झाल्या, भोवतालचे आवार आणि झाडे चित्रात शिरली, रंग अधिक तापले. ‘बायकांच्या आवारात’ (१९३८) आणि ‘प्राचीन कथेकरी’ (१९४०) ही त्याची ठळक उदाहरणे.

राजकारण पत्रांत क्वचितच मुख्य विषय होते. जवाहरलाल नेहरूंशी तिची ओळख झाली, त्यांचे आत्मचरित्र वाचून तिने त्यांना मनमोकळे पत्रही लिहिले. १९४० मध्ये ते सरायाला येऊन गेले. पण तिने चळवळीची चित्रे काढली नाहीत. जगातल्या घडामोडी तिला भिडल्या त्या घरच्या वाटेने. १९३८ च्या उन्हाळ्यात ती हंगेरीला गेली आणि डॉक्टर असलेल्या मावसभावाशी, व्हिक्टर एगानशी, तिने लग्न केले. व्हिक्टर तेव्हा सैन्याच्या सेवेत होता. युरोपला युद्धाच्या उंबरठ्यावर आणणारा म्युनिकचा पेचप्रसंग त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधला. युद्ध पेटण्याआधी निघणे भाग होते. १९३९ मध्ये, युद्ध सुरू होण्यापूर्वी काही आठवडे, दोघे भारतात पोहोचली.

हंगेरीतल्या त्याच मुक्कामात सिमल्याहून आलेल्या एका बातमीने ती हादरली. तिने जपून ठेवलेली, तिला आलेली पत्रे आईवडिलांनी वाचून जाळून टाकली होती. नेहरूंची पत्रेही त्यात गेली. तिने वडिलांना लिहिलेल्या उत्तरात आक्रस्ताळेपणा नाही. म्हातारपणी करमणुकीला उरणारा ठेवा गेला, असे शांत दुःख आहे. या घटनेमुळे आज उपलब्ध असलेला पत्रव्यवहार एकतर्फी आहे. अमृताचे बोलणे ऐकू येते, पण समोरच्याचा आवाज पुष्कळदा हरवलेला असतो. संग्रह वाचताना हे सतत लक्षात ठेवावे लागते.

सप्टेंबर १९४१ मध्ये अमृता आणि व्हिक्टर लाहोरला राहायला गेली. तिच्या एकल प्रदर्शनाची तयारी चालू असतानाच अल्पशा आजाराने ५ डिसेंबर १९४१ रोजी तिचे निधन झाले. त्याच सुमारास ब्रिटनने हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले आणि व्हिक्टरला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून स्थानबद्ध करण्यात आले. ठरलेले प्रदर्शन तिच्या पश्चात भरले.

खंडालावालांनी १९४४ मध्ये मुंबईहून तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. इक्बाल सिंग यांचे चरित्र १९८४ मध्ये आणि यशोधरा दालमिया यांचे २००६ मध्ये आले. १९७६ मध्ये तिची चित्रे राष्ट्रीय कलानिधी म्हणून जाहीर झाली, त्यामुळे ती देशाबाहेर विकता येत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीतल्या लिलावात ‘कथेकरी’ या १९३७ च्या चित्राला ६१.८ कोटी रुपये मिळाले, आणि तेव्हापासून तिच्याविषयीची बरीच चर्चा किमतीभोवती फिरते. ज्यांना अमृता खरोखर जाणून घ्यायची आहे, त्यांनी आधी १९३४ ते १९३७ ची पत्रे वाचावीत आणि मग दिल्लीच्या जयपूर हाऊसमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जाऊन तिच्या चित्रांसमोर निवांत उभे राहावे.