गाड्या मोजण्याचे उच्च शिक्षण



वार्षिक सभेच्या दिवशी लोहाऱ्याचे एक सभासद आमच्याकडे आले. मुलगी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन बसली आहे. लोहारा औद्योगिक वसाहतीत १९९६ साली जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय निघाल्यापासून आपल्या भागातल्या मुलींना पदवीसाठी घर सोडावे लागत नाही, ही मोठीच सोय झाली. पण आता ती आणखी दोन वर्षे बाहेर शिकायला जाते म्हणते, विषय काय तर वाहतूक नियोजन व व्यवस्थापन. सभासद म्हणाले, "भाऊ, गाड्या मोजाले कॉलेज कायले पाह्यजे? आपला चिटबॉय मोजतेच ना!"

आम्ही हसलो, पण उत्तर काही देता आले नाही. म्हणून थोडी चौकशी केली. ती आपल्या सर्वांच्याच उपयोगाची वाटली म्हणून येथे देत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. रस्ता बांधायचा कसा, खडी किती, डांबर किती, हे वेगळे शास्त्र. त्या रस्त्यावरून कोण, कुठून कुठे, केव्हा आणि कशाने जाणार, हा या शिक्षणाचा विषय. दारव्ह्याच्या बाजाराचेच घ्या. कोणत्या गावातून किती माणसे निघतील, त्यांतली किती दारव्ह्याला व किती यवतमाळला जातील, एस.टी.ने किती, फटफटीने किती, आणि शेवटी कोणत्या रस्त्याने, हे चार प्रश्न याच क्रमाने सोडवतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइट व शिकागो शहरांच्या पाहणीतून ही पद्धत रूढ झाली. तिथे बहुतेक मोटारीच. आपल्याकडे रस्त्यावर सगळेच चालते. त्यासाठी भारतीय रस्ते परिषदेने, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसने, १९९० च्या नियमावलीत ग्रामीण रस्त्यांकरिता प्रत्येक वाहनाचे वजन ठरवून दिले. मोटार १ धरली तर सायकल अर्धी, ट्रक किंवा बस ३, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर साडेचार आणि बैलबंडी चक्क ८! बंडी लहान असेल तर ६. म्हणजे हंगामात उसाच्या दहा बंड्या रस्त्याला लागल्या की ऐंशी मोटारींइतकी जागा अडली. मागून येणारा एस.टी.चा ड्रायव्हर हॉर्न का वाजवतो, ते यावरून कळावे.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, हे आपण सगळेच म्हणतो. उन्हात पडला की वजन घटते आणि आतली साखरही उतरते. वजन घटले ते ज्याचा ऊस त्याचे नुकसान, उतारा घटला ते सर्वांचे. ऊस पडून राहिला की सभासदांची एकच ओरड असते, गाड्या वाढवा. यंदाच्या सभेतही हीच मागणी झाली.

या शास्त्रात त्याला एक साधे उत्तर आहे. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९६१ साली ते गणिताने सिद्ध केले. आत जेवढे थांबलेले आहे, त्याला बाहेर पडण्याच्या वेगाने भागा, सरासरी थांबण्याचा वेळ निघतो. समजा कारखाना दिवसाला २,५०० टन गाळतो आणि गाडीतळावर कायम १,२५० टन ऊस उभा असतो. मग प्रत्येक गाडी सरासरी बारा तास उभी राहणारच. काटेवाल्याशी भांडून त्यात फरक पडत नाही. गव्हाणीचा वेग तोच असताना गाड्या वाढवल्या तर तळावरची रांग तेवढी लांबते.

पुढे पाहा. शेतातून भरून येणे आणि परत जाणे यात समजा चार तास जातात, आणि तळावर बारा. सोळा तासांची एक खेप, म्हणजे चोवीस तासांत दीड खेप. तळावरचा वेळ बारावरून चारवर आणला तर आठ तासांची खेप, दिवसाला तीन. निम्म्या गाड्यांत तेवढाच ऊस आला! तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्या उसाच्या दरातूनच वजा होतो, तेव्हा उभ्या गाडीचा पैसा शेवटी सभासदच भरतो. सगळ्या टोळ्या दुपारपर्यंत तोडतात आणि सगळे ट्रॅक्टर रात्री एकदमच येतात. गावागावांच्या तोडीच्या वेळा पुढे-मागे कशा कराव्यात, हे बसवणे याच शिक्षणात येते. काम दिसते तितके सोपे नाही. टोळीला उन्हाआधी तोडायचे असते, बैल थकतात, मुकादमाचे ऐकावे लागते. कागदावरचे वेळापत्रक फडात टिकत नाही हेही खरेच.

शिकण्याची सोय कुठे आहे? मुंबईला पवईच्या आय.आय.टी.त आणि नागपूरला व्ही.एन.आय.टी.त वाहतूक अभियांत्रिकीचे एम.टेक. आहे. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये वाहतूक नियोजन ही नियोजनाच्या पदव्युत्तर पदवीचीच शाखा आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. स्थापत्य, वास्तुशास्त्र वा नियोजनाची पदवी लागते. प्रवेश बहुधा गेट परीक्षेच्या गुणांवर. ते गुण तीन वर्षे चालतात. गेटमधून गेलेल्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनाचा दर अलीकडे चालत आला आहे, म्हणजे घरावर सगळा भार पडत नाही. पुण्याला भोसरी येथे १९६७ पासून सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्था आहे, तिथे एस.टी.सारख्या महामंडळांच्या अधिकाऱ्यांना शिकवतात.

नोकरीचे म्हणाल तर मेट्रो, महानगरपालिका, सल्लागार कंपन्या. साखर कारखान्यात या पदवीची जागा अजून तरी आमच्या पाहण्यात नाही. शेती अधिकारी हे काम अनुभवावर रेटतात, आणि वाईट करतात असे नव्हे.

हे सगळे आम्ही त्या सभासदांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बारा तास उभं राहाचं गणित पोरगीनं मले सांगतलं असतं तं मी कवाच हो म्हटलं असतं."

गेटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत, ऐन हंगामात असते. मुलीने फॉर्म भरला आहे. बाप सोबत नागपूरला जाणार. त्या दोन दिवसांत त्यांच्या खोडव्याला तोड देऊ नये, अशी चिठ्ठी आम्ही शेती विभागाकडे आताच देऊन ठेवली आहे.