तुरीचे नऊ बाइट

बीडीएन 711 ही पांढरी तूर बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राची. नावातला 'बीडीएन' म्हणजे बदनापूरच. या वाणावर मर रोग येतो का, असं चॅटजीपीटीला मराठीत विचारून बघा. 'तूर' हा शब्द त्या यंत्रापर्यंत पोचतो तो नऊ बाइट होऊन. त, दीर्घ ऊकार आणि र, प्रत्येकाला तीन-तीन बाइट. रोमन अक्षराचं एकात भागतं.

हे बाइट जोडून यंत्र त्यांचे तुकडे पाडतं, त्यांना टोकन म्हणतात. उत्तरही असंच एकेक टोकन पुढे सरकत तयार होतं, आणि दर टोकनामागे कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये अब्जावधी गुणाकार-बेरजा होतात. तुरीवरच्या चार ओळींसाठी एवढा खटाटोप! महिन्याचे पैसे भरतो ते या खटाटोपाचे. फुकटवाल्याचा वाटा संपला की काही तास थांबायचं, नाहीतर छोट्या मॉडेलवर भागवायचं.

टोकनांच्या या मापात मराठीने बराच मार खाल्ला. मे 2024 मध्ये जीपीटी-4ओ हे मॉडेल आणताना चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने एकाच छोट्या मजकुराचा हिशोब मांडला होता. मराठीत त्याला आधी 96 टोकन लागत, आता 33. इंग्रजीत 27 होते, ते 24 झाले. म्हणजे तोवर तेवढंच बोलायला आपल्याला साडेतीनपट टोकन मोजावे लागत होते. मजकूर तोच राहिला, बदलली ती फक्त तुकडे पाडायची रीत.

दुसरी गंमत अशी, की प्रत्येक नव्या प्रश्नाला यंत्र त्या गप्पांतलं आधीचं सगळं पुन्हा हिशोबात धरतं. सकाळी तुरीवरून सुरू झालेलं बोलणं संध्याकाळी पोराच्या स्कॉलरशिपवर आलं, तरी तूर सोबत असतेच. विषय बदलला की नवी चॅट उघडावी. फुकटातलं फुकट पुरवून वापरायची युक्ती हीच.

दरांचं म्हणाल तर ऑगस्ट 2025 मध्ये चॅटजीपीटी गो हा प्लॅन भारतात महिना 399 रुपयांना आला, आणि त्याच वर्षी 4 नोव्हेंबरपासून ठरावीक मुदतीत नोंदणी करणाऱ्यांना तोच वर्षभर फुकट देऊ केला! जिओने गुगलचा प्रो प्लॅन 18 महिने वाटायला काढला, किंमत सांगितली 35,100. एवढी दानत उगाच येत नाही. सवय लागली की गिऱ्हाईक टिकतं. ऑटोपेला मंजुरी दिली असेल तर मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

रोज लांबलचक पीडीएफ वाचून घेणाऱ्या, कोचिंगच्या नोट्स काढणाऱ्या माणसाने 399 जरूर मोजावेत. आठवड्याला दोन-चार प्रश्न असतील तर फुकट भरपूर झालं. राहिला तुमच्या रानातला मर रोग. पैसे भरलेलं यंत्रही तिथे ठामपणे चुकीचं बोलू शकतं. वाळलेलं झाड मुळासकट उपटून संशोधन केंद्रावर न्यावं, किंवा किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 वर मराठीत विचारावं. तो फोनही फुकटच आहे, सकाळी 6 ते रात्री 10.