विश्लेषण : बर्फ पाहायला मनालीला निघालात? रस्त्यावरचा न दिसणारा बर्फ अधिक घातक का?

बर्फवृष्टीचा अंदाज जाहीर झाला की पर्यटकांच्या मोटारी मनाली, अटल बोगदा आणि पलीकडच्या सिस्सूकडे वळतात. पुण्या-मुंबईचे अनेक जणही त्यात असतात. मात्र याच काळात डोंगरातला प्रवास सर्वाधिक जोखमीचा असतो. तो का?

शहरात पाऊस, वर बर्फ कसा?

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयाला धडकतात. त्यांच्यातील बाष्प उंचावर बर्फ होऊन पडते. मनाली सुमारे २ हजार मीटर उंचीवर आहे, तर ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याची दोन्ही तोंडे ३ हजार मीटरहून अधिक उंचीवर. त्यामुळे मनालीत रिमझिम असली तरी बोगद्याजवळ रस्ता बर्फाने भरलेला असू शकतो. ऑक्टोबर २०२० मध्ये खुल्या झालेल्या या बोगद्याने रोहतांग खिंडीचा वळसा वाचवला. पण बोगद्यापर्यंतचा रस्ता उघड्यावरच आहे.

‘ब्लॅक आइस’ म्हणजे काय?

दुपारच्या उन्हात वितळलेले पाणी रस्त्यावर पसरते आणि ऊन कलताच गोठते. हा थर पातळ व पारदर्शक असल्याने खालचे डांबर दिसते आणि रस्ता नुसता ओला वाटतो. पूल, सावलीतली वळणे आणि बोगद्याची तोंडे येथे तो हमखास आढळतो. अशा ठिकाणी ब्रेक दाबला की चाके थांबतात, गाडी मात्र घसरत राहते. त्यामुळे खालच्या गिअरमध्ये, संथ गतीने आणि पुढच्या वाहनापासून भरपूर अंतर ठेवून जावे. बर्फ असताना चाकांना साखळ्या लावाव्यात किंवा स्थानिक चालकाची ‘फोर बाय फोर’ गाडी घ्यावी.

गाडी अडकली तर?

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मुर्री येथे बर्फात अडकलेल्या मोटारींमध्ये किमान २२ जणांचा मृत्यू झाला. थंडीइतकाच मोठा धोका असतो कार्बन मोनॉक्साइडचा. धुराचा पाइप बर्फाने बुजला की हा वायू गाडीत शिरतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. म्हणून हीटरसाठी इंजिन सुरू करण्यापूर्वी पाइपाभोवतीचा बर्फ काढावा, इंजिन थोडा वेळच चालवावे आणि एक काच किंचित खाली ठेवावी. इंजिन सुरू ठेवून झोपू नये. मदतीसाठी ११२ क्रमांक आहे.

निघण्यापूर्वी काय पाहावे?

हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा पाहावा. ‘ऑरेंज’ वा ‘रेड अलर्ट’ असेल तर मुक्काम वाढवावा. रस्ता सुरू असल्याची खात्री स्थानिक पोलिसांकडून करावी. गाडीत पांघरुणे, पाणी, खाणे, टॉर्च आणि पूर्ण चार्ज केलेली पॉवर बँक ठेवावी. ऊन उतरण्यापूर्वी मुक्कामी परतावे आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावा. वेळ हाताशी असली की बंद रस्त्यावर गाडी दामटण्याची घाई होत नाही.