कचरा कोणाचा, आणि गोळा कोणी करायचा?

घरोघरचा कचरा गोळा करण्याची व्यवस्था शहराने लावावी का, असे आपल्याकडे कोणी विचारले तर लोक त्याच्या तोंडाकडे बघत राहतील. मग कर कशासाठी भरतो? पण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरात हाच वाद न्यायालयात आणि तिथून मतपेटीपर्यंत गेला. तिथे प्रत्येक घर आपला कचरा नेणारी कंपनी स्वतः निवडत असे. त्यामुळे एकाच गल्लीत निरनिराळ्या कंपन्यांचे अवजड ट्रक फिरायचे. ऑक्टोबर २०१८मध्ये शहराने ही व्यवस्था हाती घेतली आणि कंपन्यांना भाग वाटून दिले. निवडीचा हक्क गेला म्हणून काही नागरिक बिथरले. ज्यांच्या घरात कचरा जेमतेम निघे, त्यांना ठरीव पैसे भरणे जड वाटले. नोव्हेंबर २०१९च्या मतदानात मात्र बहुमत नव्या व्यवस्थेच्या बाजूने पडले.

मला ते बरोबर वाटते. या कामात खरा खर्च होतो तो दारोदार थांबण्यात. गल्लीतली सगळी घरे एकाने घेतली तर तो खर्च वाटला जातो. चौघांनी थोडी थोडी घेतली तर चौघांनाही सगळी गल्ली पालथी घालावी लागते. शिवाय कचरा न देणाऱ्या एका घराचा त्रास शेजारच्या दहा घरांना होतो. तेव्हा व्यवस्था शहरानेच लावावी. पण व्यवस्था लावणे म्हणजे महापालिकेने ट्रक घेणे किंवा ठेका देणे, एवढेच का? याचे वेगळे उत्तर पुण्याने देऊन पाहिले आहे.

आपल्याकडच्या १९४९च्या महानगरपालिका कायद्यात सफाई हे बंधनकारक काम आहे, पण प्रत्यक्षात ते सुरू व्हायचे कुंडीपाशी. घरातून कुंडीपर्यंत कचरा नेणे ही ज्याची त्याची जबाबदारी. अलमित्रा पटेल यांनी १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेनंतर २०००चे घनकचरा नियम आले आणि घरोघरी जाऊन कचरा गोळा करणे पालिकांवर आले.

आता कुंडी हटणार आणि घंटागाडी दारात येणार, ही शहराला आनंदाची बातमी. परंतु त्या कुंडीवर जगणारी माणसे होती. पुठ्ठा, काच, पत्रा, प्लास्टिक वेचून भंगारवाल्याला विकणाऱ्या हजारो बायका, बहुतेक दलित समाजातल्या. कुंडी गेली की त्यांचा माल परस्पर ट्रकमध्ये जाणार. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांचा या बायकांशी संबंध आला, आणि हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांच्या साथीने १९९३मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. संघटना आधीपासून होती म्हणून नियम आल्यावर या बायकांना बोलायला जागा मिळाली. एरवी कुंड्यांबरोबर त्याही हटल्या असत्या आणि कोणाच्या लक्षातही आले नसते.

पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८मध्ये पुणे महापालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. सदस्यांनी दारातून कचरा घ्यायचा आणि घरटी मासिक शुल्क घ्यायचे. सुका कचरा निवडून विकायचा, ते पैसे त्यांचे. ओला व उरलेला कचरा पालिकेच्या गाडीत द्यायचा. साधने आणि निवडायला जागा पालिकेने पुरवायची.

या करारातली मोलाची गोष्ट म्हणजे पैसे कशाचे मिळतात ती. वाहतुकीच्या ठेक्यात बहुधा टनाचा हिशेब असतो. वजन वाढेल तसे बिल वाढते. ओले-सुके एकत्र झाले तर ठेकेदाराचे काही बिघडत नाही. त्यात राडारोडा पडला तर चांगलेच. वेचणाऱ्या बाईचे गणित उलटे आहे. भाजीच्या पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव येत नाही. म्हणून वेगळा कचरा द्या, असे ती रोज दारात सांगते, कारण त्यात तिचे पोट आहे. वर्गीकरण हे नागरिकाचे कर्तव्य, असे २०१६च्या नियमांनी म्हटले आहे खरे. पण रोज प्रत्येक दारात जाऊन बादलीत डोकावणारा निरीक्षक कोणत्या पालिकेकडे आहे? तिने निवडून काढलेला प्रत्येक किलो पालिकेला वाहून न्यावा लागत नाही. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी डेपोविरुद्ध किती वर्षे आंदोलने केली, हे पुणेकरांना ठाऊक आहे.

या व्यवस्थेत खोट आहे ती शुल्काची. मालमत्ता कर भरतो, मग हे निराळे कशाला, हा सवाल पालिकेला करायला हवा. तो ऐकावा लागतो ढकलगाडी घेऊन आलेल्या बाईला. काम कायद्याने पालिकेचे, आणि वसुली मात्र जिच्या हातात सर्वांत कमी ताकद तिच्याकडे! एखाद्या सोसायटीने पैसे थकवले तर ती काय करणार? कचरा उचलला नाही तर तक्रार तिच्याच नावावर.

शुल्क कराच्या बिलात घालून पालिकेनेच तिला द्यावे, हा सोपा उपाय वाटतो. पण सरकारी बिले किती महिने अडकतात, हे कोणत्याही लहान ठेकेदाराला विचारा. २००८चा करार संपल्यावर पुढचा व्हायला २०१६ उजाडले. थेट शुल्कात निदान महिन्याच्या महिन्याला हातात पैसे येतात, आणि घर व बाई यांच्यात जाब विचारण्याचे नातेही राहते. माझ्या मते थेट शुल्क ठेवावे. मात्र जे घर देणार नाही त्याची थकबाकी पालिकेने स्वतः भरावी आणि त्या घराच्या मालमत्ता कराच्या बिलातून वसूल करावी. पाणीपट्टी थकवणाऱ्याच्या मागे पालिका लागतेच. इथे तिला एवढेच आणखी करायचे आहे.